मिन्स्टरला कधी जावं?

"बाबा, मंगळवार बाद," लॅपटॉपवरची नजर न हलवता उदयने जाहीर केलं. "शाळांच्या ट्रिप्स असतात."

पुरुषोत्तमरावांनी चढवलेला कोट निमूटपणे पुन्हा खुंटीला लावला. लेकीकडे, स्वातीकडे, इंग्लंडात लीड्सला येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते. साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवताना यॉर्क मिन्स्टर, ते यॉर्कचं भलंथोरलं चर्च, त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं, की त्याचे मनोरे त्यांना झोपेतही सरळ काढता आले असते. आता ते पाऊण तासावर होतं, पण मध्ये जावयाची एक्सेल शीट उभी होती. जावई उदय पुण्याहून आलेला प्रोजेक्ट मॅनेजर. गर्दी, ऊन, पार्किंग असे रकाने. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे चुकूनही नको. असं करता करता सोमवारचं परतीचं विमान येऊन ठेपलं.

"उदय, बाबा मिन्स्टर न बघता गेले ना, तर तुझी शीट मी फ्रेम करून लावीन," स्वाती म्हणाली.

"रविवार, दुपारी दीड! सकाळच्या प्रेयर सर्व्हिसेस संपलेल्या, पब्लिक लंचला. अख्ख्या शीटमध्ये हा एकच डार्क ग्रीन आहे!"

नेमक्या त्याच रविवारी, हिवाळ्याची वेळ लागते म्हणून, देशभरातली घड्याळं एक तास मागे जायची होती. घरात भिंतीवरचं घड्याळ एकच, स्वयंपाकघरातलं. उदय मोबाइलची वेळही आपोआप बदलू न देता घराबाहेर पडताना त्यावरूनच लावायचा. पुरुषोत्तमरावांच्या मनगटावर तर भारताचीच वेळ असायची, साताऱ्यात पत्नीचा, अलकाबाईंचा, चहा झाला की नाही ते कळावं म्हणून.

रविवारी मोबाइलवर बरोबर एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिघं मिन्स्टरच्या दारात पोचले. उदयची छाती फुगली होती. दारातल्या झगेवाल्या म्हाताऱ्याने नम्रपणे हात आडवा केला.

"सॉरी सर, साइटसीइंग संपलं. साडेतीन होत आले."

उदयने मोबाइल पुढे धरला. म्हाताऱ्याने आपलं मनगट पुढे धरलं.

"पण मी कालच क्लॉक एक तास मागे केलं होतं!" उदय म्हणाला.

"तू केलंस? मी आज उठल्या उठल्या केलं!" स्वाती ओरडली. मग दोघं हळूच पुरुषोत्तमरावांकडे वळले. ते बुटांच्या नाड्या बघत होते.

"पेपरात आलं होतं गं. म्हटलं, तुमची दोघांची धावपळ, तेवढीच मदत."

त्यांनी मान वर करून मनोऱ्यांकडे पाहिलं. एकतीस वर्षं काढलेलं देऊळ, आणि दारातूनच माघारी! उदयचे कान लालबुंद झाले. म्हाताऱ्याला बहुधा दया आली.

"की आपण इव्हनसाँगसाठी आलात? चारच्या प्रार्थनेला?"

"येस," पुरुषोत्तमराव हजेरी द्यावी तसे खणखणीत म्हणाले.

त्यांना थेट गाणाऱ्यांच्या शेजारी, कोरीव लाकडी आसनांवर बसवलं गेलं. रंगीत काचांतून तिरपं ऊन उतरत होतं. पोरांचे आवाज चढत चढत छताला भिडले, आणि मनोऱ्यांपासून कमानींपर्यंत सारा धडा पाठ असलेला तो मास्तर सगळं विसरून नुसता ऐकत राहिला. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

बाहेर पडताना उदय पुटपुटला, "बाबा, ही वेळ शीटमध्ये लाल आहे. हिंडता येत नाही, नुसतं बसावं लागतं."

"उदयराव, पाच आठवडे बसलोच होतो की. त्यापेक्षा हे बसणं बरं!"

घरी आल्यावर घड्याळाचा विषय कोणीच काढला नाही. आपली चूक आपणच निस्तरावी, उगाच बभ्रा नको, असं तिघांनीही मनाशी ठरवलं. उदयने आल्या आल्या घड्याळ दोन तास पुढे केलं. स्वातीने कुकर लावता लावता दोन तास पुढे केलं. आणि सगळे टीव्हीसमोर बसल्यावर पुरुषोत्तमरावांनी स्टुलावर चढून दोन तास पुढे केलं.

सोमवारी तिघं उठतात तो घड्याळात बारा, आणि विमान दोनचं! मोबाइल सहा दाखवत होता, पण त्याच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? अंघोळीला फाटा, चहाला फाटा, बॅगा डिकीत कोंबल्या आणि विमानतळ गाठला. चेक-इनचं काउंटर बंद होतं. समोर दोरीच्या रांगा मोकळ्या पडल्या होत्या आणि एक बाई शांतपणे फरशी पुसत होती. विमानतळावरच्या घड्याळात नऊ वाजले होते; विमान सुटायला पाच तास होते.

उदय आणि स्वाती एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले. पुरुषोत्तमराव मात्र खिडकीजवळच्या बाकावर ऐसपैस बसले, दशम्यांचा डबा उघडला आणि तृप्तपणे म्हणाले,

"उदयराव, आजची वेळ मात्र छान काढलीत. माणूस सोडा हो, चिटपाखरूही नाही! डार्क ग्रीन!"