टिटवीची चोच आणि चाळीस कॅमेरे

बाळांनो, हातातला मोबाइल जरा खाली ठेवा. एका जंगलात, नदीकाठच्या खडीवर, एक टिटवी राहत होती. टिटव्या उघड्यावरच अंडी घालतात आणि कुणी जवळ आलं की बेंबीच्या देठापासून ओरडतात. ही ओरडली की सगळं जंगल गोळा व्हायचं आणि अंडी खायला आलेलं मुंगूस शेपूट घालून पळायचं.

जंगलाचा राजा होता गवा. त्याला ही आरडाओरड फार मागासलेली वाटे. एक दिवस शेजारच्या जंगलातून एक बगळा आला. पांढराशुभ्र, एका पायावर उभं राहून बोलणारा.

"महाराज, चाळीस कॅमेरे लावा. चोर औषधालाही सापडणार नाही."

कॅमेरे लागले. चित्रं बघायला घुबडाला नेमलं, कारण डोळे सगळ्यात मोठे त्याचे. ते दिवसा झोपतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ओरडायला मात्र बंदी झाली. कॅमेरे असताना ओरडणं म्हणजे महाराजांवर अविश्वास.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी मुंगूस आलं. टिटवीने कॅमेऱ्याकडे पाहिलं, चोच घट्ट मिटली आणि मदतीची वाट पाहिली. मुंगसाने चारातली तीन अंडी खाल्ली, मिशा पुसल्या आणि ते निघून गेलं.

टिटवी रडत घुबडाकडे गेली. "घुबडदादा, माझी तीन लेकरं गेली हो!"

घुबडाने जांभई देत चित्र लावलं. "वा! मिशीचा केस न् केस दिसतोय बघ."

"मग धरा की त्याला!"

"बाई, आम्ही फक्त बघतो. धरायचं खातं वेगळं. ते अजून निघायचंय."

टिटवी उरलेल्या एका अंड्यापाशी जाऊन बसली. दुसऱ्या दुपारी मुंगूस पुन्हा आलं. आता मात्र तिला राहवेना. ती जीव खाऊन ओरडली. मुंगूस पळालं, पण घुबडाची झोपमोड झाली. त्याने चिडून चित्र पाहिलं. चोच उघडी, पुरावा स्वच्छ.

"बांधा हिची चोच!" गवा महाराज गरजले.

"बघा महाराज," बगळा म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात गुन्हेगार सापडला."

वेलीने चोच बांधली गेली. तिसऱ्या दुपारी मुंगूस डुलत डुलत आलं. टिटवी पंख पसरून आडवी उभी राहिली, पण आवाज कुठून काढणार? मला तर हे सांगतानाही संताप येतो. मुंगसाने तिला बाजूला ढकललं आणि तोंड पुढे केलं.

तेवढ्यात अंडं तडकलं. ओलंचिंब पिल्लू बाहेर आलं आणि आईच्या वाटचंही ओरडलं. मुंगूस दचकून जे पळालं ते थेट नदीपार.

घुबडाची पुन्हा झोपमोड झाली. त्याने दप्तरात नोंद केली : गुन्हेगार दुसरा. वय, एक मिनिट.

तात्पर्य : घर लुटलं जात असताना ओरडू नये. जरा बाजूला सरकून उभं राहावं, म्हणजे चोराचं चित्र छान येतं.