वाहतूक सुरळीत आहे

जिथे एफएम केंद्र आहे तिथे वाहतुकीची कोंडी असलीच पाहिजे, हे प्रसारणशास्त्राचे मूलतत्त्व आहे. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात केंद्र आधी आले. कोंडी अजून यायची आहे.

‘रेडिओ हिरवा बांध’चा आराखडा दूरच्या मुख्यालयातून तयार होऊन आला: तासाला आठ गाणी, चार गप्पा, दोन वाहतूक वार्ता आणि उरलेल्या वेळात जाहिराती. (गाणीही तिकडेच निवडतात, कारण आम्हाला काय आवडते ते आम्हाला कळत नाही.) निवेदिका मात्र गावचीच नेमली, चेतना. श्रोते वाढले तर तिची नोकरी पक्की, नाहीतर मुख्यालयातून रेकॉर्ड केलेला आवाज. आणि नोकरी गेली की मामाने आणलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असे घरी ठरले होते. चेतनाला ते स्थळ बघवत नव्हते.

सुरुवातीला ती रोज प्रामाणिकपणे सांगायची, वाहतूक सुरळीत आहे. हे इतके खरे होते की कोणी ऐकेना. गोंदियाहून व्यवस्थापक हेमेंद्र यांचा फोन आला. “मॅडम, ट्रॅफिक तो होना चाहिए. फॉर्मेट में है.”

तेव्हा तिने रस्त्याची खबर श्रोत्यांकडूनच मागवली. पहिला फोन बसस्टँडवरचे चहावाले केवलराम यांचा.

“लाल सीटकव्हरची गाडी सकाळपासून रजिस्ट्री ऑफिससमोर उभी हाये. काऊन उभी हाये, ते मी नाही सांगत.”

आमच्याकडे गाडीचा नंबर कोणी पाहत नाही, सीटकव्हर पाहतात. लाल कव्हर म्हणजे शालीकराम. चालू गाणे संपायच्या आत त्यांचे दोन्ही भाऊ धानाच्या बांधीतल्या चिखलाच्या पायांनी तिथे हजर. शालीकराम सावलीत गाडी लावून दाढी करायला गेले होते. पण भाऊ आलेच आहेत तर, म्हणून वाटणीचा विषय निघाला आणि बरीच वर्षे रखडलेले भांडण एकदाचे सुरू झाले. एवढी लोकसेवा दुसऱ्या कोणत्या माध्यमाने केली आहे?

श्रोते भराभर वाढले. सर्वेक्षणात शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी ‘आम्ही गाण्यांसाठी ऐकतो’ असे सांगितले. त्यांपैकी एकालाही गाणे आठवले नाही. (उरलेले दोघे गाडी घेऊन कुठेतरी गेले होते. कुठे, ते संध्याकाळच्या वार्तेत आले.)

मग लोक सावध झाले. कोणी कव्हर बदलले, कोणी एसटीने जाऊ लागले. दुधराम तर सासुरवाडीलाही पायी गेले. रस्ते ओस पडले. प्रदूषण घटवल्याबद्दल एका संस्थेने केंद्राला ढाल दिली. वाहतूक पुन्हा सुरळीत झाली आणि चेतनाचे पुन्हा कोणी ऐकेना. हेमेंद्र यांनी रेकॉर्ड केलेला आवाज मागवला. घरच्यांनी स्थळाकडच्यांना रविवारी पोहे खायला बोलावले.

शनिवारी ती शेवटची वार्ता द्यायला बसली. खरे सांगतो, मला वाईट वाटले.

“वाहतूक सुरळीत आहे. हिरव्या सीटकव्हरची एक स्कूटी आत्ता स्टुडिओसमोर उभी आहे. उद्या सकाळी पाहुणे यायच्या आधी ती दरेकशाच्या जंगलाकडे निघेल. मागच्या सीटवर एक जण असेल. तो कोण, ते गाण्यानंतर.”

हिरवे कव्हर तिचेच. गाणे लागले. मग दुसरे. मग जाहिराती. तालुक्यात कोणी जागचे हलले नाही. मामाने स्थळाकडच्यांना दिलेले पोह्यांचे आमंत्रण रद्द करायचा फोनसुद्धा नाव कळेपर्यंत थांबवला. केंद्र सुरू झाल्यापासून एवढे श्रोते कधीच नव्हते. तिसरे गाणे चालू असताना मुख्यालयाचा फोन आला आणि नोकरी पक्की झाली. त्यानंतर चेतनाने शांतपणे नाव सांगितले.

ते नाव इथे देण्याचे कारण दिसत नाही. आपण काही आमच्या तालुक्यातले नाही, आणि हे सारे आपण प्रसारणशास्त्राच्या आवडीनेच वाचत आलात. फक्त एक नोंद करून ठेवतो. मधे तीन गाणी लागली. ती कोणती, हे आपल्याही मनात आले नाही.