काळीचं दर्शन

नीलकंठ खानखोजे यांची कविता एकदाची कोणीतरी निवडली होती. पण निवडणाऱ्याने ती वाचलीच नव्हती, हे त्यांना कार्यक्रमाच्या दुपारी कळलं.

निवडणारा होता भार्गव, गिरधारी कला न्यासाचा व्यवस्थापक. हिंदी मुलखातल्या या शहराबाहेर, सिलतऱ्याला, गिरधारी सेठचा स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्चं लोखंड बनवण्याचा कारखाना होता. दरवर्षी एक संध्याकाळ ते कलेला देत: एकीकडे कवी वाचणार, दुसरीकडे त्याच कवितेवर नर्तकी नाचणार. यंदा प्रथमच मराठीचा नंबर लागला होता. नीलकंठरावांनी खारून नदीवरची कविता पाठवली होती. पण त्याच फाइलीत खाली ‘काळी’ नावाची दुसरी कविता राहून गेली होती. पत्नी कुसुमच्या वाळत घातलेल्या पापडांवर कारखान्याची काजळी बसली, त्या दिवशी रागाच्या भरात लिहिलेली.

तालमीला पोचले तर नर्तकी शर्मिष्ठा गळ्यात मुंडमाळ घालून, जीभ बाहेर काढून उभी.

“हे काय करून राहिली पोरी?”

“आपकी ‘काळी’, काका. माँ काली.” शर्मिष्ठाचे आजी-आजोबा अस्सल मराठी बोलत, तिच्यापर्यंत येता येता अर्धी मराठी वाटेत सांडली होती.

नीलकंठरावांनी भार्गवला कोपऱ्यात घेतलं. “नदीची काहून नाही घेतली?”

“नदीवर लय आल्या होत्या काका. देवीवर ही एकच. सेठ देवीभक्त, म्हणून नाव पाहूनच पास केली.” मग त्याने ती तिथेच वाचली आणि मटकन खुर्चीत बसला. “माझी नोकरी जाते काका. हळूच वाचजा.”

“मोठ्यानं वाचा,” सोबत आलेली कुसुम साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाली. “खोटं कुठं आहे त्याच्यात?”

संध्याकाळी नीलकंठरावांनी हळूच वाचलं, पण सेठने माइक भारीतला आणला होता.

‘काळी येते, रोज येते,
धुराड्यातून उतरते,
बायकोच्या पापडांवर बसते,
आणि मालक म्हणतो, प्रगती.’

शर्मिष्ठा थयथय नाचली. सभागृहातली मराठी मंडळी तोंडावर रुमाल धरून हलत होती. पहिल्या रांगेत सेठने हात जोडले होते.

मग ते मंचावर आले. “मराठी नहीं आती, पर भाव समझ गया. माँ पापियों पर बैठती है, और प्रगति देने वाला मालिक ऊपर है. ये कविता मैं कारखाने के गेट पर लिखवाऊँगा.” कुसुमला शाल देताना ते म्हणाले, “भाभीजी, आपके घर तो माँ का वास होगा.”

“हव,” कुसुम म्हणाली. “रोज सुबह छत पर आती हैं. आपके यहाँ से ही आती हैं.”

सेठचे डोळे भरून आले. “कल दर्शन करने आऊँगा.”

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात नारळ, मागे घामाघूम भार्गव. जिन्याशी जोडे काढले, गच्चीवर गेले आणि डोळे मिटून जमिनीवर बसले. नीलकंठराव चटई शोधत होते. ती कुसुमने काखेत धरून ठेवली होती.

ध्यान आटोपून सेठ उठले. तळवे काळे, धोतर मागून काळं. त्यांनी बोटांवरची पूड चोळली, वास घेतला.

“ये तो अपना ही माल है,” ते म्हणाले, एखादा नातेवाईक ओळखावा तसे.

भार्गव पाण्याच्या टाकीकडे बघू लागला. नीलकंठरावांना नदीची कविता आठवली, पण जीभ वेगळंच बोलून गेली. “सेठजी, कविता इसी पर है.”

“मैं तो आपको भक्त समझा था,” सेठ म्हणाले आणि धोतर मागून धरून जिना उतरले.

आठवड्याभरात न्यासाने जाहीर केलं की यापुढे आश्रय फक्त नृत्याला. शब्दांमुळे नाहक गैरसमज होतात. भार्गवची नोकरी वाचली. नीलकंठराव मात्र घरात सुतक असल्यासारखे बसून राहिले.

“माझी एक कविता निवडली, अन् तिनं साऱ्या कवींचं दुकान बंद केलं,” ते म्हणाले.

“खरं बोलले नं तुम्ही? मंग चहा घ्या.”

तेवढ्यात शर्मिष्ठा आली, काखेत घुंगरांची पिशवी. तिचं नवं नृत्य न्यासाने मंजूर केलं होतं: ‘गृहिणी की सुबह’. त्यात एकही शब्द नव्हता. विषय सात्त्विक आहे म्हणून सेठने स्वतः शाबासकी दिली होती.

“काकी, छत कैसे झाड़ते हैं, और कचरा देखकर मुँह कैसा होता है, वो सिखाइए ना.”

कुसुमने पदर खोचला, तिला काजळी साचलेल्या गच्चीवर नेलं आणि तिच्या हातात खराटा दिला. “आधी कमरेत वाक,” ती म्हणाली. “तोंड आपोआप होते.”