वसंतरावांची भरवशाची हेराल्ड

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत मोटार असलेले गृहस्थ एकच होते, वसंतराव उमाळकर. आणि मोटार उभी केली की तिचं काळीज काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचं, ही त्यांची रीत होती. काळीज म्हणजे रोटर. बॉनेटखाली ठिणगी वाटून देणारा एक डबा असतो, त्याच्या आत अंगठ्याएवढा हा तुकडा फिरतो. तो काढला की गाडी ढकलता येते, पळवता येत नाही. ऑफिसात सही करताना, न्हाव्याकडे केस कापताना, लग्नात अक्षता टाकताना रोटर खिशात असायचाच. एका मुंजीच्या पंगतीत ते वाकले आणि रोटर कढीत पडला. यजमान नवी वाटी घेऊन धावले. वसंतरावांनी आधी रोटर पुसला, उजेडात धरून पाहिला आणि मग त्याच कढीचा भुरका मारला.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नोकरीमुळे माणूस संशयी झाला, की संशयी म्हणूनच खात्यानं त्यांना उचललं, हे सांगणं कठीण. "पुरावा काय?" हे त्यांचं पालुपद. दूधवाला म्हणाला म्हैस व्याली, की "पुरावा काय?" रेडिओ म्हणाला विदर्भात पाऊस, की हे अंगणात जाऊन हात पसरून उभे. मी शाळेत भूगोल शिकवतो हे कळल्यावर त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मास्तर, पृथ्वी गोल आहे हे तुमी सोता पाह्यलं का गा?"

गल्लीही काही कमी नव्हती. वजनमापे खात्यातला माणूस मोटार ठेवतो म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. खरं म्हणजे ती दोन दारांची जुनी हेराल्ड त्यांनी बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून घेतली होती आणि त्यापायी गावाकडचा शेताचा तुकडा विकला होता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. त्यांनी आमच्यावर संशय घ्यावा, आम्ही त्यांच्यावर, फिटंफाट होती.

पुढे शहराबाहेरच्या जुन्या हवाईपट्टीवर हौशी मंडळी वर्षातून एकदा मोटारींच्या शर्यती लावू लागली. डांबरावर तेलाचे ड्रम मांडून वळणं करायची आणि गाड्या सोडायच्या. पहिल्या वर्षी वसंतराव बघायला गेले. परत आले ते वेगळेच होऊन. ह्याच हेराल्डनं सोमवारी ऑफिसात जायचं आणि हिनंच रविवारी शर्यतीत धावायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसरा कुणी असता तर आधी इंजिन उघडून बसला असता. वसंतरावांनी आधी ब्रेक उघडले.

"आधी थांबणं, मंग थंड राह्यणं, मंग वळणं," ते मला समजावत. "पळणं सगळ्यात शेवटी. पळाले तं सगळेच पळते गा. घरी किती येते?"

सदर भागातल्या गॅरेजात रज्जाकभाई नावाचे मिस्त्री होते. भला माणूस. त्यांनी आपलेपणानं सुचवलं, "साहब, हेड घिसवा लो. गाडी हवा में उडेगी."

"उडन तं खरं," वसंतराव म्हणाले, "पण उतरन कुठी?"

नागपूरचा उन्हाळा, पंपावर मिळेल तसलं पेट्रोल आणि त्यात हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून वाढवलेला दाब, म्हणजे पिस्टनचा घात, असं त्यांचं गणित. हेड राहिलं तसंच. त्याऐवजी त्यांनी रेडिएटरला जाड जाळी बसवली, जास्त पात्यांचा पंखा घातला, पुढच्या स्प्रिंगा कडक करून घेतल्या. प्रत्येक सुटा भाग आधी स्वयंपाकघरात यायचा. ब्रेकचे लायनर तागडीत तोलले जायचे. डावा उजव्यापेक्षा मासाभर जड निघाला तर दुकानात परत. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, ती खरंच वेळेवर उघडते का हे त्यांनी दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिलं. त्या दिवशी त्यांच्याकडच्या चहाला जी चव होती ती मी आजतागायत विसरलो नाही.

"मास्तर, घ्या बिनधास्त," कुसुमवहिनी म्हणाल्या. "आमच्या घरी तेल कुठलं खायचं अन् कुठलं गाडीचं, एवढं मी अजून ओळखते."

कुसुमवहिनी म्हणजे वसंतरावांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. बोलणं थोडकं. नवा भाग बसला की त्याची परीक्षा महिनोन् महिने चाले. त्यानं गोकुळपेठेच्या बाजारातून कांद्याचं पोतं आणलं पाहिजे, ऑफिसला वेळेवर पोचवलं पाहिजे, मे महिन्यात भर दुपारी रेल्वे फाटकापाशी गाडी ताटकळली तरी पाणी उकळता कामा नये. मग रविवारी अमरावती रस्त्याला भरधाव फेरी. त्या फेरीला डाव्या सीटवर वहिनी असायच्याच, पदर घट्ट खोचून. नवराबायको फिरायला चाललेत म्हणून गल्ली गालात हसायची. मीही हसायचो.

एकदा मात्र घोटाळा झाला आणि तो माझ्या सासुरवाडीमुळे. सासुरवाडी मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरची, त्यामुळे उन्हाळा लागला की आमच्या गच्चीवर लाल मिरच्यांचं वाळवण पडे. वसंतरावांनी नवा कार्बोरेटर रॉकेलनं धुतला. फडक्यानं पुसला तर धागे अडकतील, फुंकला तर थुंकी जाईल. एकट्या उन्हावर त्यांचा विश्वास. म्हणून तो त्यांनी आमच्या गच्चीवर आणून ठेवला. दुपारी वावटळ आली. संध्याकाळी त्यांनी तो बसवला, किल्ली फिरवली, आणि गल्लीतली माणसं एकामागून एक खोकत बाहेर आली. समोरच्या आजोबांना शिंका आवरेनात. कुत्री पळाली. हेराल्ड मात्र ठसका देत देत चालूच होती.

वसंतराव डोळे पुसत माझ्या दारात. "मास्तर, मिरची काहून टाकली?"

"मी कशाला टाकू? वाऱ्यानं उडाली असेल."

"वाऱ्यानं? पुरावा काय?"

आठवडाभर माझ्याशी बोलणं बंद. आठव्या दिवशी स्वतः गच्चीवर गेले, पिठाची परात मांडली, वावटळीची वाट पाहत उन्हात बसले आणि परातीत लाल कण मोजून खाली आले. "वारा दोषी आहे," एवढं जाहीर केलं आणि माझी निर्दोष सुटका झाली. शर्यतवाले लोक वेगासाठी हवेची गाळणी काढून टाकत. वसंतरावांनी उलट दुहेरी गाळणी लावली.

एवढं सगळं करून ते शर्यतीत उतरायचे का? नाही. दरवर्षी नाव नोंदवायचे, गाडी रांगेत उभी करायचे आणि आयत्या वेळी त्यांना काहीतरी खटकायचं. एकदा टायरची हवा. एकदा क्लच. एकदा निशाण दाखवणाऱ्या माणसाचा चेहराच. गल्लीत म्हणू लागले की उमाळकर भित्रे आहेत, बाकी सगळं सोंग आहे. त्यांच्या कानावर ते गेलं असावं. कारण त्या वर्षी हवाईपट्टीची जमीन गोदामांसाठी गेली, शर्यत शेवटचीच असं ठरलं, आणि वसंतराव दारात येऊन मला म्हणाले, "मास्तर, यंदा धावतो. एक तरी शर्यत पुरी करतो बाप्पा. मंग काही नाही मागत."

मी पाने-पक्कड धरायला बरोबर गेलो. गाडी खरोखर तयार होती. त्यांनी सगळं तीनतीनदा तपासलं आणि त्यांना काहीच खटकलं नाही. त्यामुळे ते थोडे अस्वस्थ झाले, पण रांगेत उभे राहिले. वहिनी सवयीनं डाव्या सीटवर बसल्या. तेवढ्यात पंच आले. "काका, गाडीत एकट्यानंच बसायचं. नियम आहे."

वसंतरावांचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, मिळालं निमित्त. ते मला बाजूला घेऊन गेले. माझ्या कानाशी लागून, तरी नको इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, मले इंजिन ऐकू येत नाही गा. बरीच वर्षं झाली. हे तुमची वहिनी ऐकते अन् मले सांगते, इथं वाजून राह्यलं, तिथं घासून राह्यलं. जे मले ऐकूच येत नाही, त्याचा भरवसा कसा धरू?"

इतकी वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि मला पत्ता नव्हता. पातेलं, तागडी, परात, सगळ्याचा अर्थ तिथे उन्हात उभ्या उभ्या लागला. वहिनी खाली उतरल्या होत्या. नवऱ्यासमोर उभं राहून, ओठ नीट दिसतील अशा म्हणाल्या, "मी त्या वळणावर उभी राहते. तिथं गाडी हळू होते, मला ऐकू येईल. चांगलं असलं तर हात खाली. बिघडलं असलं तर हात वर."

त्यांनी मान हलवली. निशाण पडलं.

सुरुवातीला हेराल्ड सगळ्यांत मागे होती. लोक हसत होते. लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा लाल गाडी घेऊन सगळ्यांत पुढे. पण ऊन नागपूरचं होतं. काही फेऱ्यांतच हेड घासलेल्या गाड्या खडखडू लागल्या. एकीचं पाणी उकळलं. एकीचे ब्रेक तापून लागेनात, ती ड्रम उडवत गवतात गेली. वसंतराव प्रत्येक वळणावर वहिनींकडे बघत, वहिनींचा हात खाली, हेराल्ड पुढे. शेवटून दुसऱ्या फेरीत लाल गाडी धूर सोडत बाजूला झाली आणि आमची कांदे आणणारी हेराल्ड सगळ्यांत पुढे आली! मी भूगोलाचा मास्तर आहे हे विसरून नाचत होतो.

शेवटची फेरी. वळण आलं. वहिनींनी हात वर केला.

हेराल्ड तिथल्या तिथे बाजूला झाली, इंजिन बंद झालं. मागच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. शर्यत संपली. मी धावत पोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि वसंतराव एकेका भागाला हात लावून बघत होते. मीही पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. तो ताठ होता. वहिनी पलीकडे उभ्या, नजर गवतात गेलेल्या त्या गाडीवर. वसंतरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

पंच आले, लाल गाडीवाला आला, बघे आले. "काय झालं काका? हातातली शर्यत गेली!"

"पट्टा सैल होता," वसंतराव मोठ्यानं म्हणाले. "हिनं वेळेवर सांगितलं म्हणून इंजिन वाचलं. मास्तर, पाना द्या." मी पाना दिला. सगळ्यांसमोर त्यांनी तो ताठ पट्टा आधी सैल केला, लोकांना हलवून दाखवला आणि पुन्हा आवळला. लोकांची खात्री पटली. बक्षीस कुणा दुसऱ्याला गेलं.

परतताना मी मागे बसलो होतो. गाडी शहराच्या रस्त्याला लागली. मग वहिनी त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पट्टा सैल नव्हता. काहीच वाजत नव्हतं. ती गाडी ड्रम उडवत गवतात गेली ना, तेव्हापासून डोळ्यांसमोर तेच होतं. मला भेव वाटलं हो."

"मालूम आहे," वसंतराव म्हणाले. "गाडी हाताले चांगली लागून राह्यली होती. तुवा हात वर केला, तवाच समजलं."

"मग थांबलात काहून?"

त्यांनी गिअर बदलला. रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तू थांब म्हटलं ना."