बारीकरावांचे चार इंजेक्टर

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला जगातलं कुठलंही यंत्र म्हणजे वाढलेलं घड्याळच वाटतं. बारीकरावांना आपली मोटारही तशीच वाटायची. बारीकराव हे गल्लीने ठेवलेलं नाव. नखाएवढ्या चाकाचा झिजलेला दात ते नुसत्या डोळ्यांनी ओळखत. नाव शोभत होतं, आणि त्यांना ते मनापासून आवडतही होतं.

गाडी गचके देऊ लागली तेव्हा त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे गॅरेजवाल्याने, सांगितलं की इंजेक्टर तुंबलेत, गाडी गॅरेजात आणून टाका. इंजेक्टर म्हणजे इंजिनाला मोजून पेट्रोल पाजणाऱ्या चार बोटभर नळ्या. बारीकराव हसले. ज्याच्या हातोड्याचं वजन दोन किलो, त्याच्या हाती असली नाजूक वस्तू द्यायची? घड्याळांचे सुटे भाग धुणारं थरथरतं यंत्र दुकानात होतंच. ते त्यांनी रविवारी सकाळी घरी आणलं.

रविवारच का, तर संध्याकाळी पाच वाजता बायकोचा सत्कार होता. तीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती. "तुला आपल्या गाडीतून नेणार, आणि इंजिन असं चालेल की शेजारी बसून ऐकू येणार नाही," असं त्यांनी तिला, तिच्या मेट्रनला आणि समोरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगून ठेवलं होतं.

घड्याळ उघडण्याआधी सेल काढायचा, हा त्यांचा पहिला नियम. त्या धर्तीवर त्यांनी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात जपून ठेवला आणि इंजिन चालू करून नळीतलं पेट्रोल संपू दिलं. दुसरा नियम असा की काम चालू असताना कुणी बोलायचं नाही. कुणी तोंड उघडलं की मान वर न करता ते एक बोट वर करत. घरात त्या बोटाचा दरारा होता.

पहिलाच इंजेक्टर उपसताना उरलंसुरलं पेट्रोल शर्टावर उडालं. शर्ट धुवायला गेला. अर्ध्या तासाने बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, तुमच्या खिशात..."

बोट वर गेलं.

दुपारी ती पुन्हा आली. पुन्हा बोट. तोवर चारही नळ्या अशा लखलखत होत्या की बारीकरावांना स्वतःच्याच हातांचं कौतुक वाटलं. रबरी कड्या नव्या, क्रमांक जागच्या जागी, एक स्क्रू शिल्लक नाही. इस्त्रीवाल्याला त्यांनी मुद्दाम बोलावून सगळं दाखवलं.

सव्वातीनला त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खरखरलं, फिरलं, पण धरेना. पुन्हा फिरवली. इस्त्रीवाला सभ्यपणे आपल्या दुकानाकडे वळला. बारीकरावांनी घाईघाईने सगळं परत उघडलं, पुसलं, लावलं. पुन्हा तेच. घड्याळवाल्याची बायको स्वतःच्या सत्काराला उशिरा पोचणार!

बायकोने तयार होऊन गुपचूप गॅरेजवाल्या भावाला फोन केला. तो गाड्या ओढायचा ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, ताईला माझ्याजवळ बसवतो, गाडी राहू दे. बारीकराव ऐकेनात. आपल्या गाडीतून नेणार म्हणजे नेणार. मग ट्रकने गाडीची पुढची चाकं उचलली आणि नवराबायको आत आभाळाकडे तोंड करून बसले. वाटेत ती काही सांगू लागली, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "आत्ता नको गं." तिने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि उरलेला रस्ता आभाळ पाहिलं.

पाचला दोन मिनिटं असताना ते पोचले. सभागृहात मोठे डॉक्टर म्हणाले, "टाका घालण्याआधी चिमटे, कात्र्या, कापसाचे बोळे ह्या स्वतः मोजतात. तीस वर्षांत एक वस्तू पेशंटच्या पोटात राहिली नाही." बारीकरावांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. क्षणभर ते गाडी विसरले. छाती खरोखरच फुगली होती, आणि या वेळी स्वतःसाठी नव्हे.

बाहेर आले तर मेहुणा बॉनेट उघडून उभा होता.

"दाजी, एवढे स्वच्छ इंजेक्टर मी नव्या गाडीतही पाहिले नाहीत," तो म्हणाला. बारीकरावांनी मान ताठ केली. "पण पंपाचा फ्यूज कुठाय?"

त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा परीटघडीचा होता, आणि रिकामा.

बायकोने गुच्छ भावाच्या हाती दिला, पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि त्यातून फ्यूज. "कपडे भिजवण्याआधी मी खिसे तपासते. तुम्हाला तीनदा सांगायला गेले. आमच्याकडे शिवण्याआधी मोजतात हो."

फ्यूज बसला, किल्ली फिरली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इंजिन खरंच असं चालत होतं की शेजारी बसून ऐकू येऊ नये. घराकडे वळताना बारीकरावांना राहवेना. खाकरून ते म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं..."

बायकोने समोर बघत एक बोट वर केलं.

घर येईपर्यंत गाडीत कसलाच आवाज नव्हता.