सोनवणे साहेबांचं स्टूल

सोनवणे साहेब शाळेच्या ऑडिटला येताना घरून स्टूल आणायचे. घडीचं, कापडी बैठकीचं, मोटारसायकलच्या मागे दोरीनं आवळलेलं. पहिल्यांदा आले तेव्हा मी लगबगीनं माझी खुर्ची पुढे केली. नरडाण्याजवळच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापकाला मिळालेली तेवढीच एक धड खुर्ची. साहेबांनी ती उलटी केली, बुडाचा नंबर वाचला, वहीत खूण केली आणि सुलटी करून मला परत दिली.

"जी वस्तू तपासायची, तिच्यावर बसायचं कसं, सर?"

आणि दारात स्टूल उघडून बसले.

चहाचंही तेच. माणूस चहाचा शौकीन. आमचा चहा उकळायला लागला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. पण घोटभर घेतील तर शपथ. "चहा प्यालो की आक्षेप लिहिताना हात जड होतो," म्हणायचे. पाणी धुळ्याहून, डबा धुळ्याहून. दुपारी आम्ही मास्तरमंडळी आत हसतखिदळत जेवायचो आणि साहेब बाहेर लिंबाखाली एकटेच भाकरी मोडत बसायचे.

तपासणीचं तर विचारूच नका. सतरंज्या टेपनं मोजल्या. फुटबॉल दोन विकत घेतले होते. एक सापडला, दुसऱ्याचं नुसतं कातडं. त्यापुढे साहेबांनी "आहे, हवा नाही" असा शेरा मारला. "तोंडी नको, कागद बोलला पाहिजे," हे दिवसातून वीसदा. मी घरी येऊन त्यांची नक्कल करायचो. एकदा भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, तर बायको म्हणाली, "लेखी द्या."

एका वर्षी मात्र माझं हसू पळालं. पोषण आहाराचा तांदूळ दोन पोती कमी भरला. खिचडी शिजवणाऱ्या वत्सलाअक्का हातातल्या पळीसकट धावत आल्या. वसुली निघाली तर त्यांच्या एवढ्याशा मानधनातून जाणार, वर चोरीचा बट्टा.

"साहेब, पोरंसनासंगे धाकला भाऊबहिनी येतस. त्यासले उपाशी कसं धाडू? तांदूळ मन्हा घर नही गया!"

"त्या मुलांची नावं कागदावर आहेत?"

तीन-चार वर्षांची ती पोरं. पटावर नाव कुठून असणार? साहेबांनी आक्षेप लिहिला, स्टूल मिटलं आणि निघून गेले. मला त्यांचा मनापासून राग आला. अक्का तर म्हणाल्याच, "हाऊ मानूस शे का दगड?"

दुसऱ्या दिवशी ते न सांगता परत आले, बरोबर खिचडीच्या वेळेला. दाराशी स्टूल टाकून ताटं मोजत बसले. असे तीन दिवस. मग अहवाल आला. आक्षेप होताच. पण खाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पटाबाहेरची नऊ बालके समक्ष जेवताना पाहिली. तूट त्यांच्या पोटात गेली आहे. वसुली करू नये.'

मी ते अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा त्या कप घेऊन समोर उभ्या राहिल्या. साहेबांनी कपाकडे पाहिलं आणि वही उघडली.

"नको अक्का. मी अजून ऑडिटर आहे."

मागच्या महिन्यात ते निवृत्त झाल्याचं कळलं. जन्मभर शाळांच्या चुका काढणाऱ्या माणसाला निरोप समारंभाला बोलावणार कोण? मीही बोलावलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

परवा दुपारी मोटारसायकल शाळेच्या दारात थांबली. मी सवयीनं कपाटातली रजिस्टरं काढायला उठलो. पण मागे स्टूल नव्हतं.

"तपासणी नाही, सर. बायको गेल्यापासून एकट्यापुरता चहा करवत नाही. म्हटलं, तुमच्याकडचा राहिलाय."

मी खुर्ची दिली. हलकेच खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत ते म्हणाले, "सात नंबर." मग बसले. अक्का धावतच कप घेऊन आल्या.

"ल्या नाना, पी ल्या."

इतकी वर्षं साहेब, आज पहिल्यांदा नाना. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, ओठांजवळ नेला आणि थबकले.

"साखर शाळेची नाही ना, अक्का?"

"मन्हा घरनी शे, नाना."

त्यांनी सगळा कप एका दमात संपवला आणि पुढे केला.

"मग अजून अर्धा द्या."