पोटातलं पाणी न हलवणारी गाडी

"माझ्या गाडीत बसून ज्याला उलटी होईल, त्याने ती खुशाल माझ्या डोक्यावर करावी!"

हर्षद परबने हे भर ऑफिसात खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं. शेजारच्या टेबलावरची दीप्ती म्हणाली, "मग उद्यापासून टोपी घालून ये." बाकीचे हसले. पण हर्षद हसण्याच्या पलीकडे गेला होता. तो जग जिंकून आलेला माणूस होता!

आता गाडी म्हणजे काही खरी गाडी नव्हे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हर्षदची कंपनी होती आणि तिथे ड्रायव्हिंग स्कूलसाठी खोटी गाडी बनत होती. एक खुर्ची, एक स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल आणि डोळ्यांवर चढवायचा एक भलामोठा काळा चष्मा. त्या चष्म्याला ऑफिसात सगळे 'डबा' म्हणत. डबा चढवला की समोर रस्ता, सिग्नल, रिक्षा, गाई सगळं हजर. नवशिक्याने इथेच धडका मारून घ्याव्यात आणि मग खऱ्या रस्त्यावर जावं, अशी थोर कल्पना. अडचण एकच होती. जो बसे तो पाच मिनिटांत पांढरा पडून संडासाकडे पळे. डोळे म्हणतात, गाडी निघाली. पोट म्हणतं, कुठे निघाली? मी तर खुर्चीवर बसलोय! या दोघांच्या भांडणात मधल्यामध्ये बिचारं जेवण बाहेर पडतं.

आणि ही अडचण सोडवायला कंपनीने माणूस कोण नेमला? तर हर्षद! ज्याला रिक्षा लागते, लिफ्ट लागते, बागेतला झोपाळा नुसता बघून लागतो. त्याची आई तर सगळ्या पाहुण्यांना सांगायची, "ह्येका पाळण्यातसुद्धा लागायचा!" त्यामुळे तपासणीला दुसरं माणूस शोधायची गरजच नव्हती. हर्षदने डबा चढवायचा, वळण आलं की हात वर करून "आली!" असं ओरडायचं आणि अख्खी खोली रिकामी व्हायची. पहिले पळणारे साहेब, विद्याधर सर. पुढे पुढे नुसतं "आली!" ऐकूनच लोक चहाचे कप घेऊन बाहेर जायला लागले.

पण पठ्ठ्याने चिकाटी सोडली नाही. मान वळवली की चित्र क्षणभरही मागे राहता कामा नये, हे त्याने साधलं. वळणावर देखाव्याच्या कडा काळ्या करून टाकल्या, म्हणजे डोळ्यांना कमी गरगर. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा टेबलफॅन तोंडासमोर लावला. आणि नजर ठरायला काहीतरी स्थिर हवं म्हणून डॅशबोर्डवर चक्क एक गणपती बसवला. गाडी कुठेही वळो, गणपती जागचा हलत नाही! परवा हर्षद त्या गाडीतून तासभर हिंडला आणि उतरून त्याने वडापाव खाल्ला. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

मात्र एवढी सगळी खटपट कंपनीसाठी होती असं समजू नका. ती होती विनितासाठी.

विनिता वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. बँकेत कामाला. तिचे वडील हरेश्वर म्हणजे तांडेल, स्वतःच्या बोटीचे कप्तान. जन्म समुद्रावर गेलेला. गेल्या नारळी पौर्णिमेला विनिताने हर्षदला मोठ्या हौसेने घरी नेलं. हरेश्वरनी त्याला सजवलेल्या बोटीत बसवून फेरी मारायला काढलं. बोटीचा दोर सुटला आणि हर्षदच्या पोटाचाही सुटला! ओकला तोही कुठे, तर बोटीच्या नव्याने रंगवलेल्या नावावर! सगळा कोळीवाडा धक्क्यावर उभा होता. हरेश्वरनी बोट वळवली आणि लेकीला एका वाक्यात निकाल दिला.

"ज्याचे पोटान पानी ठरत नाय, त्याला मी पोर देऊ?"

झालं! तेव्हापासून तो नकार तसाच होता. विनिता बापाशी भांडली, रुसली, पण पळून जायला तयार नव्हती. "बाबांनी हो म्हटलं पाहिजे यार. त्यांच्या तोंडून. नाहीतर मला आयुष्यभर चुटपुट लागेल," ती म्हणायची. हर्षदलाही ते पटायचं. म्हणून त्याने ठरवलं, की आपलं पोट किती मजबूत झालंय हे तांडेलांना डोळ्यांनी दाखवायचं.

संधी चालून आली. विनिताची आई, कमळकाकी, बाजारात मासळी विकायच्या. त्यांच्यासाठी हरेश्वरनी टेम्पो घेतला होता, पण चालवायचा कोणी? पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर, तांडेल घरात बसून कंटाळलेले. हर्षदने विनिताकडून निरोप धाडला. काका, आमच्याकडे या, फुकट शिकवतो!

शनिवारी तिघं आले. पांढरा शर्ट, मिशांना तेल, मान ताठ, असे हरेश्वर. मागे विनिता आणि कमळकाकी, काकींच्या हातात चार कप्प्यांचा जेवणाचा डबा. "पयले जेवा, मंग गारी," असं म्हणून त्यांनी विद्याधर सरांच्या टेबलावरच पानं मांडली. सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या! सगळं ऑफिस तुटून पडलं. हरेश्वर चार भाकऱ्या जेवले. हर्षद घाबरत घाबरत म्हणाला, "काका, रिकाम्या पोटी बसलात तर बरं..."

"कनाला? मना लागंल असा वाटतो तुना?" हरेश्वर गरजले. "अरं, वादलात उभा राहून जेवनारा मानूस मी!"

हर्षदने त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर डबा चढवला. त्यांना दिसतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर मोठा पडदा लावला होता. त्यासमोर अख्खं ऑफिस दाटीवाटीने उभं राहिलं.

"काका, नजर त्या गणपतीवर ठेवा."

"देवाकडं बगून कोन चालवतो? तांडेल लांब बगतो, लांब!"

गाडी निघाली. आणि हर्षदच्या लक्षात आलं, की आपण सगळ्याचा विचार केला, पण चालवणारा दर्यावरचा असेल याचा केला नाही. बोट सुकाणूचं लगेच ऐकत नाही. वळवा, थांबा, मग ती सावकाश वळते आणि जास्त वळली की उलटं फिरवून सरळ करायची. हरेश्वर इथेही तेच करत होते! स्टिअरिंग गरकन डावीकडे, वाट बघायची, मग गरकन उजवीकडे. गाडी रस्त्यावरून अशी चालली, की समोरच्या रिक्षा आपणहून बाजूला झाल्या असत्या, तशी सोय केली असती तर. त्यात ब्रेक हा प्रकार त्यांना मंजूर नव्हता. थांबायचं तर इंजिन बंद करायचं आणि आपोआप थांबेपर्यंत हात जोडून बसायचं! अशा हात जोडलेल्या अवस्थेत ते एका भाजीच्या गाडीतून, एका बसस्टॉपमधून आणि एका शांतपणे रवंथ करणाऱ्या गाईतून आरपार गेले.

"एक नंबर, काका!" पोरं टाळ्या पिटत होती. कमळकाकी मात्र पडद्याऐवजी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

हर्षदनेही तिकडे बघितलं. हरेश्वरनी जांभई दिली होती. मग दुसरी. मग आवंढा. मिशीच्या वर बारीक घाम. मघापासून गरजणारा माणूस एकदम मुका! ओकारीच्या शास्त्रात हर्षदचा हात धरणारा अख्ख्या अंधेरीत कोणी नव्हता. त्याला कळलं, फार वेळ नाही.

"काका, थांबूया का जरा?"

"कनाला?" आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "मना... काय नाय झायला. पलवतो अजून!"

आता तुम्हीच सांगा, त्याने करावं काय? डबा काढा म्हणावं तर तुम्हाला लागली असं चारचौघांत सांगितल्यासारखं. न म्हणावं तर तांडेल चार भाकऱ्यांसकट सगळ्यांसमोर उघडे पडणार. लेक समोर, बायको समोर, बघ्यांचे मोबाइल चालू! त्यानंतर हा माणूस हर्षदचं तोंडसुद्धा बघणार नाही, होकार तर लांबच.

मार्ग एकच होता. त्यांच्या आधी आपल्याला लागली पाहिजे!

शिकवणाऱ्यासाठी दुसरा डबा होता. हर्षदने तो चढवला. पण लागणार कशी? स्वतःच तर सगळे उपाय करून ठेवलेले! तेव्हा त्याने घाईघाईने ते सगळे बंद केले. काळ्या कडा बंद, पंखा बंद, गणपती बंद. घाईत एवढंच विसरला, की दोन्ही डब्यांत चित्र एकच असतं!

"आं?" हरेश्वर दचकले. "गनपती कुटं गेला रं?"

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं आणि गाडी उड्डाणपुलाच्या वळणाला लागली. हर्षदचं जुनं, ओळखीचं पोट तळापासून ढवळून निघालं. त्याने हात वर केला आणि जीव खाऊन ओरडला.

"आली!"

इतक्या महिन्यांची सवय! काय होतंय हे कळायच्या आत खोली रिकामी झाली. विद्याधर सर सगळ्यांच्या पुढे. जाता जाता दीप्तीने विनिताला आणि कमळकाकींना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि दार लावून घेतलं.

आत राहिले दोघेच, आणि लादी पुसायची एक बादली. पुढचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी गाळतो. एवढंच सांगतो, की त्या एका बादलीवर दोन डोकी एकमेकांना आपटत होती आणि वयाचा मान राखून हर्षद प्रत्येक वेळी थांबत होता.

थोड्या वेळाने दोघं भिंतीला टेकून बसले. हरेश्वरच्या मिशा खाली आल्या होत्या. हर्षदने पाण्याची बाटली पुढे केली.

"काका, सगळं माझ्यावर ढकला. बाहेर कोणालाच काही कळणार नाही. माझं काय, माझं नाव आधीच खराब आहे."

हरेश्वरनी चूळ भरली. मग दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "कोनाला बोलू नको. दोन मयने जमिनीवर बसलो का पयल्या फेरीला मना दर वर्सी लागतो."

"काय सांगता!"

"विकी हाय ना, माजा भाचा. तो बोटीवर व्हता तवर तोच बोलायचा, मना लागली, मना लागली. आता विमानतलावर नोकरीला गेला." त्यांनी उसासा सोडला. "तांडेलाला लागली असा कललं तर बोटीवर माजा कोन आयकंल?"

हर्षदला त्या क्षणी त्या दांडग्या माणसाबद्दल खरोखर माया वाटली. आपण जे उभ्या गावासमोर करून मोकळे झालो, ते हा बिचारा वर्षानुवर्षं चोरून करतोय!

हरेश्वर उठले, मिशा पुसल्या, मान ताठ केली आणि दार उघडून बाहेरच्या गर्दीला सांगितलं, "पोराला लागली. मी व्हतो म्हनून सांबालला." मग विनिताकडे वळून, जरा घसा खाकरून म्हणाले, "मानूस बरा हाय. साकरपुरा करून टाकू."

विनिताने सगळ्यांदेखत बापाला मिठी मारली. हर्षदला रडूच फुटलं. विद्याधर सर बादलीकडे न बघता म्हणाले, "अभिनंदन. पण लागणार नाही म्हणाला होतास ना?"

साखरपुडा झाला. नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्या फेरीला बोट निघाली, तेव्हा होणारे जावई बोटीवर हवेतच, असा सासऱ्यांचा हट्ट! हर्षद तयारीनेच गेला. गोळी घेतली, आलं चघळलं, नजर लांब क्षितिजावर ठेवली. आणि काय आश्चर्य, काहीच होईना! लाटांवर बोट नाचतेय आणि हा ताठ उभा! आनंदाने त्याला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात मागून एक जांभई ऐकू आली. मग दुसरी. वळून बघतो तर हरेश्वर घामाघूम, डोळ्यांत काकुळती.

हर्षद कामाला लागला. वाकला, जोर केला, पण पोटातलं पाणी हलेना! शेवटी घशात बोटं घातली. खलाशी ओरडले, "जावयाला लागली, जावयाला लागली!" आणि त्या गडबडीत तांडेलांनी आपलं काम उरकून घेतलं. नेम मात्र चुकला. मग इंजिनाच्या आडोशाला सासऱ्या-जावयांनी शर्टांची अदलाबदल केली.

धक्क्यावर कमळकाकी टोपली घेऊन उभ्या होत्या. हर्षद सासऱ्यांचा ढगळ, बरबटलेला शर्ट घालून उतरला. समोर हरेश्वर हर्षदच्या घट्ट शर्टात पोट आत ओढून लोकांना सांगत चालले होते, पोर शहरातला हाय, व्हईल सवय.

"काढ बाला तो शर्ट, दे हिकडं," काकी म्हणाल्या. "तीस वर्सं मीच धुतंय."

हर्षदने शर्ट काढून दिला. "काकी... तुम्हाला माहितीये?"

"मना? आख्ख्या कोलीवाऱ्याला म्हायती हाय! त्यांना तेवडा सांगू नको. तांडेल हायत, जीव जाईल त्यांचा."

"अहो, मग मागच्या वर्षी त्यांनी मला नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही गप्प कशा बसलात?"

"गप्प कुटं?" काकींनी शर्ट टोपलीत कोंबला. "त्याच राती विनिताला बोलले, ह्या पोराला सोरू नको. विकी गेल्यापासून आमाला मानूस पायजेच व्हता, आनि ह्यो बग कसा मोकल्या मनानं ओकतो!"